वांग्यावरचा आळ

आमच्या भंडारा जिल्ह्यात अंगाला खाज सुटली की पहिला संशय वांग्यावर जातो. डास चावलेला असो, नवा साबण बाधलेला असो की उन्हाळ्याचं घामोळं असो, समोरचा माणूस आधी विचारतो, "वांगं खाल्लं होतं का?" आणि उत्तर नेहमी होच असतं. कारण आमच्याकडे लग्नात वांगं, तेरवीत वांगं, सप्ताहाच्या काल्याला वांगं, आणि ज्या दिवशी काहीच नसतं त्या दिवशी घरी वांगं. गुन्हा कुठेही घडो, हा आरोपी तिथे हजर असतोच, म्हणून दरवेळी तोच सापडतो.

मी कुसुम लांजेवार. माहेर पवनीचं, सासर कोंढ्याचं आणि नोकरी सगळी लाखनीच्या बाजूला, हायवेला लागून असलेल्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण आमचे डॉक्टर अजून प्रॅक्टिस करतात आणि ही गोष्ट त्यांना त्यांच्या पद्धतीने सांगायला आवडते. त्यांच्या पद्धतीत मी जास्त रडते. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, सिस्टर, थिएटरात काय काय पाहिलं असेल तुम्ही. त्यांना रक्ताच्या, पोटातून निघालेल्या भल्यामोठ्या गोळ्याच्या गोष्टी हव्या असतात. मी हातमोज्यांपासून सुरुवात केली की त्यांचा चेहरा पडतो. पण माझी नोकरी टिकली ती हातमोज्यांवर आणि जाता जाता राहिली तीही हातमोज्यांवरूनच, त्याला मी काय करू.

मी लागले तेव्हा रबराचे हातमोजे एकदा वापरून फेकायची पद्धत आमच्याकडे नव्हती. ऑपरेशन झालं की ते औषधाच्या पाण्यात टाकायचे, मग धुवायचे. मनगटाकडून पिरगाळून आत हवा कोंडायची आणि पाण्यात बुडवून पाहायचं. बुडबुडा आला की तो मोजा बाद. उरलेले मागच्या व्हरांड्यात दोरीवर वाळत घालायचे. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेले एक आजोबा तो देखावा पाहून, दोरीवर ओळीने लटकणारे पंजे पाहून, कोणालाही न सांगता एसटीने परत गेले होते. नंतर त्यांनी हर्निया तसाच सांभाळला, पण आमच्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत.

मोजे वाळले की माझं आवडतं काम सुरू व्हायचं, ते म्हणजे पावडर. रबर रबराला चिकटतं आणि घामेजल्या हाताला तर सोडतच नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात, कूलर घरघरत असताना, कोरडा रबरी मोजा हातात चढवून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. म्हणून ट्रेमध्ये पांढरी पावडर पसरायची आणि पोळीची लाटी पिठीत घोळवतो तसा मोजा आतून-बाहेरून घोळायचा. मग काठ दुमडायचा, कापडात जोडी बांधायची, डब्यात भरून वाफेवर निर्जंतुक करायची. मी भरलेल्या मोज्यात साहेबांचा हात सुळकन जायचा. बाहेरगावचे सर्जन आले की विचारायचे, "हे कोणी भरले?" साहेब माझ्याकडे बोट दाखवायचे आणि मी उगाच कात्र्या मोजत बसायची.

पुढे एकदा वापरून फेकायचे, पाकिटबंद मोजे आले. त्यांत पावडर कारखान्यातूनच यायची, मक्याच्या पिठाची. माझा ट्रे माळ्यावर गेला. पण पाकीट उघडून मोजा ओढला की एक पांढरा फुफाटा उडायचा आणि मोठ्या दिव्याखाली तो सावकाश खाली उतरायचा. मला तो बघायला फार आवडायचं. देवघरात उदबत्ती लागल्यावर वाटतं तसं प्रसन्न वाटायचं. मग मी पाच-सहा शिंका द्यायची आणि कामाला लागायची.

शिंकांचं मला काही विशेष वाटत नव्हतं, कारण आमच्या थिएटरात सगळेच शिंकायचे. साहेबांचं नाक दर ऑपरेशनला गळायचं, आणि ते त्याचा दोष धानाच्या धुळीला द्यायचे. समोरच्या धानाच्या शेतांत, बांध्यांमध्ये मळणीयंत्र लागलं की म्हणायचे, "आला माझा वैरी." यंत्र वर्षातून काही आठवडेच चालतं आणि नाक बारा महिने गळतं, हे त्यांना कोणी विचारलं नाही. साफसफाईच्या दुर्गामावशी खोकायच्या, त्या फिनाईलला दोष द्यायच्या. प्रत्येकाचा आपापला ठरलेला आरोपी होता.

माझं दुखणं मात्र शिंकांवर थांबलं नाही. आधी हात कोरडे पडले, मग बोटांच्या बेचक्यांत भेगा आल्या. मग मनगटावर गांधी उठू लागल्या, त्याही अशा की जिथे मोज्याचा काठ संपतो तिथेच रेघ मारल्यासारख्या थांबायच्या. आता कोणालाही वाटेल की याहून जास्त काय सांगायचं दुखण्याने. साहेबांनाही एकदा वाटलं होतं. हात उलटा-सुलटा करून ते म्हणाले, "सिस्टर, हे रबराचं तर नसेल? तसं असेल तर तुम्हाला थिएटर सोडावं लागेल."

थिएटर म्हणजे माझं काय होतं, हे घरच्यांनाही नीट माहीत नव्हतं. नवरा राइस मिलमध्ये दिवाणजी, घरी दोन मुलं, आल्यागेल्याचं करणं, सगळं होतंच. पण सकाळी टोपी-मास्क लावून मी त्या दारातून आत गेले की मी कोणाची सून नसायची, कोणाची आई नसायची. साहेबांनी मान न वळवता हात पुढे केला की हवं ते हत्यार न मागता त्या हातात पडायचं. जगात एक तरी जागा अशी होती जिथे माझ्यावाचून अडत होतं, आणि ती सोडायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी साहेबांना म्हणाले, "नाही सर, काल वांगं खाल्लं होतं."

साहेबही याच जिल्ह्यातले. त्यांना ते लगेच पटलं. "मग वांगं बंद करा," असं सांगून ते हात धुवायला गेले. वांग्याचं असलं तर वांगं सोडता येतं, हातमोज्यांचं असलं तर थिएटर सोडावं लागतं. मी वांगं सोडलं.

नशीब असं की ते दिवस धानाच्या रोवणीचे होते. रोवणी लागली की आमच्याकडे कोणी ऑपरेशन करून घ्यायला येत नाही. पोटात कितीही दुखो, आधी बांधीत रोप लागलं पाहिजे. थिएटर बंद, मोजे बंद, आणि महिनाभरात माझे हात लोण्यासारखे झाले. वांग्याचा गुन्हा सिद्ध झाला. रोवणी संपून पेशंट सुरू झाले आणि गांधी परत उठल्या, तेव्हा मी म्हटलं की शेजारणीने वांगं ढवळलेला चमचा आमच्या डाळीत घातला असणार. शेजारीण बिचारी वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही.

भंडारा जिल्ह्यात वांगं सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. दारू सोडली तर लोक कौतुक करतात. वांगं सोडलं तर लोक पंगतीत तुमच्याकडे वळून बघतात. लग्नात आलू-वांग्याची भाजी घेऊन वाढपी यायचा, मी पत्रावळीवर हात आडवा धरायची. तो म्हणायचा, "बाई, आलू-आलू घ्या ना." मी नाही म्हटलं की, "रस्सा तं घ्या." रस्साही नको म्हटलं की तो वरपक्षाच्या एखाद्या म्हाताऱ्याला बोलावून आणायचा. मुलाकडचे रुसल्याचं ऐकलं होतं, पण मुलीची मामी रुसली, अशी बातमी एकदा माझ्यामुळे मांडवभर झाली.

सगळ्यांत जास्त मनाला लागलं ते माझ्या सासूबाईंना. त्यांना मी मामीजी म्हणते. कोंढ्याला घराच्या मागच्या सांदवाडीत त्यांची वांग्याची झाडं होती, आणि गावात त्यांच्या वांग्यांचा मान होता. लहान, जांभळी, हिरव्या रेघांची, आत बी कमी. दर आठवड्याला त्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पिशवी पाठवायच्या. मी वांगं सोडल्याचं कळल्यावरही पिशवी येतच राहिली. नवरा आणि मुलं खायची, मी बाजूला बसून वरण-भात खायची. मामीजी फोनवर माझ्याशी सगळं बोलायच्या, तब्येतीचं, पोरांचं, पाण्यापावसाचं. शेवटी एकच वाक्य असायचं, "माह्या वांग्यानं आजवर कोनाले काही झालं नाही."

हे असं चाललं होतं. मग तो सोमवार आला.

एका पहिलटकरणीचं सिझेरियन होतं. भूल द्यायला भंडाऱ्याहून मेश्राम मॅडम आल्या होत्या. त्या तरुण, बोलायला मोकळ्या, आणि त्यांची नजर पेशंटच्या चेहऱ्यावरून कधी हलायची नाही. उन्हाळा होता, कूलर होता, आणि त्या दिवशी मोज्यांचं जे खोकं उघडलं होतं त्यात पावडर एवढी होती की जणू कारखान्यात कोणाच्या हातून डबाच सांडला होता. साहेबांनी मोजा चढवला, मदतीच्या डॉक्टरांनी चढवला, मी चढवला. दिव्याखाली धुकं पडलं.

बाळ बाहेर येईपर्यंत मी ठीक होते. मग तळहातांना आतून खाज सुटली. मग ओठ जड झाले, स्वतःचे नसल्यासारखे. मास्कच्या आत श्वास पुरेना. साहेबांनी हात पुढे केला आणि माझ्या हातातला चिमटा फरशीवर पडला. इतक्या वर्षांत माझ्या हातून काही पडलं नव्हतं. साहेब चिमट्याकडे बघत होते. मॅडमची नजर आयुष्यात एकदा पेशंटवरून हलली असेल, ती तेव्हा.

"सिस्टर, मोजे काढा. मावशी, यांना धरा."

पुढचं मला तुकड्या-तुकड्याने आठवतं. दुर्गामावशींचा हात काखेत होता. बाहेरच्या खोलीत मला आडवं केलं, मांडीत इंजेक्शन बसलं, नाकाशी ऑक्सिजन आला. मॅडम दारात अशा उभ्या राहिल्या की एक डोळा टेबलावरच्या बाईवर आणि एक माझ्यावर. दुसऱ्या सिस्टरने हात धुवून माझी जागा घेतली. श्वास थोडा मोकळा झाला तेव्हा आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि मलाही रडू फुटलं. तेही मुख्य म्हणजे या विचाराने की चिमटा माझ्या हातून पडला.

दुर्गामावशी तेवढ्यात बाहेर जाऊन पेशंटच्या माणसांना सांगून आल्या, "मुलगी झाली, सिस्टर पडली." संध्याकाळपर्यंत हायवेवरच्या चहाच्या टपऱ्यांवर बातमी होती की अमक्याची पोरगी एवढी देखणी निघाली की बघून सिस्टरला चक्कर आली. त्या पोरीचे आई-वडील आजही तसंच सांगतात आणि मी ते खोडून काढलेलं नाही.

टाके घालून साहेब बाहेर आले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "वांगं खाल्लं का?"

मला बोलता येत नव्हतं. दुर्गामावशी म्हणाल्या, "कुठचं वांगं साहेब. सोमवार हाय ना आज त्याहीचा. सकारपासून निस्ते केरे खाऊन राहिल्या."

सोमवारच्या उपासाला मी नुसती केळीच खायची. इतक्या वर्षांत वांग्याच्या बाजूने बोलणारा पहिला साक्षीदार उभा राहिला होता.

मॅडम स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. माझा श्वास बरोबर झाल्यावर त्यांनी विचारलं, घरी वाढदिवसाला फुगे कोण फुगवतं. मला वाटलं, बाईंना माझ्या डोक्यावर परिणाम झालाय का ते बघायचं असेल. मी सांगितलं की मुलगा लहान होता तेव्हा एकदा मी फुगवले होते आणि ओठ सुजले होते, पण त्या दिवशी घरात भरीत केलं होतं, मी खाल्लं नसलं तरी वाफ लागली असेल. मॅडमनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी छताकडे बघितलं.

"आणि केळं खाल्लं की तोंडात काही होते?"

"काही नाही मॅडम. थोडंसं चुनचुनते. सगळ्यांलेच चुनचुनते ना."

"नाही सिस्टर," मॅडम म्हणाल्या. "कोणालेच नाही चुनचुनत."

मला तोवर वाटत होतं की केळं हे चुणचुणणारंच फळ आहे. लिंबू आंबट, मिरची तिखट, तसं केळं चुणचुणीत.

मग त्यांनी जे समजावलं ते इथे सोप्या शब्दांत लिहिते, कारण अजून पुष्कळ दवाखान्यांत, ब्युटी पार्लरांत, लग्नाच्या वाढप्यांच्या हातात तेच मोजे दिसतात. रबर हा झाडाचा चीक. त्या चिकातलं एक द्रव्य काही जणांच्या शरीराला सोसत नाही, आणि जितका संबंध जास्त तितकं ते जास्त बिघडत जातं. पावडर स्वतः तशी गरीब, पण ती चिकातलं ते द्रव्य पाठीवर घेऊन हवेत उडते आणि ज्याने मोजा घातलेला नाही त्याच्याही नाकात घेऊन जाते. तीच पावडर ऑपरेशनच्या वेळी पोटात राहिली तर आतडी एकमेकांना चिकटू शकतात. म्हणून तर आम्ही मोजे ओल्या गॉजने पुसून मगच पोटाला हात लावायचो, पण ते का करतो हे मी कधी विचारलं नव्हतं. हात नुसते कोरडे पडणं वेगळं, दोन दिवसांनी पुरळ येणं वेगळं, आणि मोजा घालताच गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं वेगळं. हे शेवटचं जिवावर बेततं. आणि ज्यांना रबर सोसत नाही त्यांच्यातल्या काहींना केळं, पपईही सोसत नाही, कारण ते द्रव्य थोडंफार त्यांच्यातही सापडतं. वांग्याचा या सगळ्याशी तसा संबंध नव्हता. मी उपासाला ज्याच्या गळ्यात गळा घालून बसत होते ते केळंच चोराला सामील होतं.

नागपूरला रक्त तपासायला पाठवलं. तोवर मॅडमनी सक्त सांगितलं की थिएटरच्या दारातसुद्धा उभं राहायचं नाही. साहेबांनी मला नंबर लावायच्या खिडकीवर बसवलं. तिथे दिवसभर लोक भांडायचे. एक जण आपल्या म्हशीचा नंबर लावून द्या म्हणून अडून बसला होता, कारण जनावराचा डॉक्टर पंगतीला गेला होता. एरवी मी हसले असते. पण खिडकीच्या मागची भिंत थिएटरची होती आणि ट्रेमध्ये हत्यारं ठेवल्याचा आवाज पलीकडून यायचा. मी आवाजावरून ओळखायची की आता कात्री मागितली, आता सुई धरायचा चिमटा. नवीन सिस्टर उशीर लावत होती, तेही कळायचं, आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटायचं.

थोड्या दिवसांनी मॅडमचा फोन आला. रबर निघालं, केळं निघालं. "वांगं बेकसूर आहे सिस्टर. आता खाऊन बघा, पण पहिल्या वेळी थोडंसंच, आणि सोबत कोणीतरी असू द्या."

मी कोंढ्याला गेले. मामीजींना सगळं सांगितलं. त्या उठून सांदवाडीत गेल्या. त्यांनी भरलं वांगं केलं, ताट माझ्यासमोर ठेवलं आणि गुडघ्यावर हात ठेवून समोर बसल्या. बातमी आळीत गेली होतीच. दारात चार-पाच बाया उभ्या राहिल्या. नवरा मोटारसायकलची किल्ली हातात धरून तयार होता, वेळ आली तर दवाखान्यात न्यायला.

"खाय," मामीजी म्हणाल्या. "पन मरू नोको. लोक माह्या वांग्यालेच नाव ठेवतीन."

मी एक फोड तोंडात घातली. सगळे माझ्या ओठांकडे बघत होते. आम्ही बराच वेळ थांबलो. काही झालं नाही. मी दुसरी फोड घेतली, मग आख्खं वांगं घेतलं, मग भाकर मागितली. आणि खाता खाता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दारातल्या बाया एकदम आत आल्या, नवऱ्याने किल्ली वर केली.

मामीजींनी हातानेच सगळ्यांना थांबवलं. "का झालं तुले? गऱ्यात अडकलं का?"

"नाही मामीजी. वांग्याचं असतं तं बरं झालं असतं."

त्यांना समजलं. या बाईंनी कधी थिएटर पाहिलं नव्हतं, पण त्यांना समजलं. "मंग तुह्यं थेटर?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी आणखी एक वांगं माझ्या ताटात वाढलं. इतक्या वर्षांचा आळ धुवून निघाला होता, त्यांनी आळीभर मिरवायला हरकत नव्हती, पण त्या दिवशी त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

इकडे मॅडमनी साहेबांपुढे सरळ प्रश्न टाकला होता. नुसते माझ्या एकटीचे मोजे बदलून भागणार नव्हतं, कारण पावडर सगळ्यांच्या मोज्यांतून उडत होती. "एक तर पावडर बाहेर, नाही तर सिस्टर बाहेर. ठरवा सर." साहेबांचा जीव त्या मोज्यांत अडकला होता. झाडाचा चीक नसलेले, बिनपावडरचे निळे मोजे त्यांना आवडत नव्हते. ते म्हणायचे की निळ्या मोज्यांत टाक्याचा अंदाज येत नाही, दोऱ्याची गाठ बोटाला कळत नाही. यात खोटं काही नव्हतं. सर्जनचे डोळे त्याच्या बोटांत असतात. मॅडम म्हणाल्या, दिवाळीनंतर धान निघेपर्यंत वापरून बघा, मग सांगा.

ते महिने थिएटरात काय चाललं असेल ते मी भिंतीपलीकडून ऐकत होते. पहिल्या दिवशी साहेबांनी घाईघाईत ओल्या हाताने मोजा ओढला आणि तो फाटला. दुसरा अंगठ्यातच अडकला. दुर्गामावशी सांगायच्या की साहेब मोजा घालत नसून बनियानात शिरत असल्यासारखे दिसत होते. शेवटी मीच दुर्गामावशींकडून निरोप पाठवला, की साहेबांना सांगा, हात पूर्ण कोरडे करा, बोटांच्या मध्येसुद्धा, आणि घाई करू नका. त्यानंतर फाटायचं थांबलं.

मग धान निघालं. दवाखान्यासमोरच्या बांध्यांमध्ये मळणीयंत्र लागलं आणि धुळीचे लोट हायवेपर्यंत यायला लागले. एका सकाळी मी खिडकी उघडायला आले तर साहेब रस्ता ओलांडून थेट यंत्राजवळ उभे. नाकाला रुमाल नाही, काही नाही. डोळे मिटून छाती भरभरून श्वास घेत होते. मळणीवाला यंत्र बंद करून त्यांच्याकडे बघत राहिला होता, डॉक्टरला काय झालं म्हणून. साहेब बराच वेळ तिथे थांबले, मग डोक्यावर कोंडा घेऊन परत आले आणि माझ्या खिडकीसमोर उभे राहिले.

"एक शिंक नाही आली सिस्टर," ते म्हणाले. चेहरा असा की जन्माचा वैरी सोयरा निघाला. मग थोडं थांबून म्हणाले, "उद्या दोन केसेस आहेत. टोपी घालून या."

दुसऱ्या दिवशी मी निळे मोजे चढवून टेबलाशी उभी राहिले. दिव्याखालची हवा कोरी होती, काही उडत नव्हतं. खरं सांगायचं तर मला तो पांढरा फुफाटा आठवला आणि जरा चुकल्यासारखं वाटलं. साहेबांनी मान न वळवता हात पुढे केला.

एक गोष्ट मनातून जात नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मोजे धुवून पावडर भरायला शांताबाई म्हणून एक आया माझ्यासोबत बसायच्या. त्यांना दम लागायचा. सगळे म्हणायचे, नवऱ्याच्या बिड्यांचा धूर आहे. त्यांनी नवऱ्याला बिड्या सोडायला लावल्या, तरी दम राहिला, शेवटी त्यांनी काम सोडलं. त्यांना कोणी फुगा फुगवलात का असं विचारलं नाही, कारण तो प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता. आता मी हा प्रश्न लग्नाघरी, बसमध्ये, कुठेही विचारते आणि लोकांना वाटतं, बाई म्हातारपणात हटकून वेगळंच काही विचारते.

वांगं परत मिळालं आणि केळं गेलं. सत्यनारायणाच्या पूजेला आता माझी तीच गत होते. गुरुजी प्रसाद हातावर ठेवतात, त्यात केळं असतं, मी हात मागे घेते, आणि घरमालकीण म्हणते, "प्रसादाले नाही नसते म्हनत बाई." वांग्याला नाही म्हटलं तर पाहुणे रुसायचे. केळ्याला नाही म्हटलं तर देव रुसतो. पाहुण्यांपेक्षा देवाला समजावणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

निवृत्तीच्या दिवशी दवाखान्यात निरोपाचा कार्यक्रम होता. मामीजी खास कोंढ्याहून आल्या होत्या, सोबत वांग्याच्या भाजीने भरलेला मोठा गंज. मी नवी साडी नेसून दवाखान्यात शिरले, हॉलच्या दाराशी आले आणि तिथेच थांबले. नवीन पोरींनी माझ्यासाठी हॉल सजवला होता. भिंतीला, पंख्याला, खुर्च्यांना, खिडक्यांना फुगेच फुगे. ज्या दवाखान्याने रबरापायी एवढं रामायण केलं, त्याच दवाखान्यात माझ्या प्रेमापोटी रबराचा मांडव घातला होता. पोरींचे चेहरे एवढे खुललेले होते की फुगे काढा असं म्हणवेना. मी पदर नाकाला लावून उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

कोणीतरी म्हणालं, सिस्टरांचा सत्कार बाहेर नीमाखाली करू. दुर्गामावशी फुगे फोडायला कात्री घेऊन निघाल्या, तेवढ्यात साहेब आले. त्यांनी दारातून एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कात्री काढून घेतली. फोडले तर आतली पावडर उडेल. मग ते थिएटरात गेले, हात कोरडे केले, बोटांच्या मध्येसुद्धा, निळे मोजे चढवले आणि एकेक फुगा अलगद सोडवून बाहेर न्यायला लागले. सत्काराला आलेली गावची मंडळी खुर्च्या सोडून बघत होती. सूट घातलेला सर्जन निळ्या हातांनी फुगे कवटाळून हायवेच्या कडेला जात होता आणि चहाला थांबलेल्या ट्रकवाल्यांना ते वाटत होता. पंजाबच्या एका ट्रकवाल्याने विचारलं, "डॉक्टरसाब, लडका हुआ क्या?" साहेब म्हणाले, "नहीं, सिस्टर रिटायर हुई."

फुगे संपले. मावशींनी हॉल ओल्या फडक्याने पुसला, पंखे लावून खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि सगळ्यांना बाहेर ताटकळत ठेवून साहेबांनी स्वतः आत जाऊन दोनदा नाकाने हवा ओढून पाहिली. एक शिंक नाही. मग ते दारात आले आणि त्यांनी माझ्यापुढे हात केला, टेबलाशी करायचे तसाच. त्या हातात द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं, म्हणून मी माझाच हात दिला. फुगे बाहेर राहिले आणि मी आत गेले.

मामीजींनी माझ्या ताटात पहिली वांगी वाढली.